वीस तारखेनंतर

होस्टेलमध्ये कॅलेंडर टांगायची गरज नसते. गेटसमोरच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की तारीख कळते. एक ते दहा तारखेत आपली मंडळी ऑम्लेट-पाव, वर स्पेशल चहा अशी थाटात असतात. पंधरा तारखेच्या आसपास स्पेशलचा कटिंग होतो. आणि वीस तारीख उलटली की "मामा, वहीत लिहून ठेवा" सुरू! मग रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये "कुणाकडे मॅगी आहे का रे?" अशी आरोळी येते आणि ज्याच्याकडे असते तो लाईट बंद करून झोपेचं सोंग घेतो.

या कडकीचं आपल्याला भारी कौतुक असतं. गॅदरिंगच्या प्रत्येक नाटकात तिच्यावर एक तरी प्रवेश असतोच, आणि त्याला हशाही मिळतो. मीही हसलोय. तीन वर्षं हसत होतो. पण आता बी. ई.ला आल्यावर मला या विषयावर थोडं वेगळं बोलायचंय. उपदेश नाही हो, घाबरू नका. माझ्याच फजितीची गोष्ट आहे.

टी. ई.च्या पहिल्या सेमिस्टरला, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरात, आमच्या विंगची गोव्याची ट्रिप ठरली. माणशी बारा हजार. मी घरी फोन केला, "अण्णा, प्रोजेक्टसाठी बारा हजार लागतायत." अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "कधीपर्यंत पायजेत?" चौथ्या दिवशी पैसे आले. गोवा झाला. फोटो झाले. विषय संपला.

संपला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला शोधत होतो. कपाटात अण्णांची हिशेबाची वही हाती लागली. अण्णा आमच्याकडच्या एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क आहेत, त्यामुळे वही म्हणजे अगदी छापल्यासारखी. सहज चाळली. सप्टेंबरच्या पानावर होतं: सोनेतारण ३०,०००. सौ.ची अंगठी व कानातली. खाली त्याची फोड. पॉलिसीचा हप्ता १३,०००. आईची औषधे व किराणा ५,०००. आणि माझं नाव, पुढे प्रोजेक्ट, १२,०००.

दोन महिने पगार झाला नव्हता. मला कुणी बोललं नव्हतं.

दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना तू सांग, मी नाही सांगायची." सांगितलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, वही काढली, 'प्रोजेक्ट' शब्दावर पट्टीनं सरळ रेघ मारली आणि शेजारी 'गोवा' लिहिलं. "हिशेब खरा पायजे," एवढंच म्हणाले. थोबाडीत खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

मग मीच विचारलं, "पण पगार झाला नाही हे मला का नाही सांगितलं?" त्यावर जे उत्तर आलं ते तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तरी आपापल्या घरी ऐकलं असेल. "तुला सांगून काय हुणार? तू अभ्यास कर."

माझं म्हणणं असं की हे वाक्य चुकीचं आहे. प्रेमापोटी येतं, मान्य. पण चुकीचं आहे. ज्या घरात महिन्याला किती येतात आणि किती जातात हे चार माणसांपैकी एकालाच ठाऊक असतं, त्या घरात बचत होणं कठीण. उरलेले तिघं वाईट नसतात, उधळेही नसतात. त्यांना आकडाच माहीत नसतो.

याचा पुरावा मला घरी नाही, इथेच मेसमध्ये मिळाला होता, फक्त तेव्हा डोक्यात शिरला नव्हता. एस. ई.ला मी एक टर्म मेस सेक्रेटरी होतो. आपली मेस आपणच चालवतो. महिन्याचा एकूण खर्च भागिले एकूण डाएट, असं बिल निघतं. बिल लागलं की नोटीस बोर्डासमोर शिमगा आणि सेक्रेटरीला शिव्या, ही जुनी प्रथा. मी एवढंच केलं की पाण्याच्या टाकीशेजारी एक फळा लावला आणि रोज रात्री त्यावर आकडे लिहायला लागलो. भाजी इतकी, दूध इतकं, सिलिंडर किती चालला, गेस्ट किती जेवले, किती चपात्या उरल्या. कुणाला काही समजावलं नाही. मेनूतलं काही कमी केलं नाही, रविवारची फीस्टही नाही. दोन महिन्यांत बिल ३,४०० वरून ३,०५० वर आलं. गेस्टच्या नोंदी आपोआप व्हायला लागल्या, 'उद्या माझा डाएट बंद' असं सांगायला पोरं आदल्या रात्री यायला लागली. फळ्याची सगळी करामत.

तर त्या दिवाळीत आम्ही घरी फळा लावला. म्हणजे वहीच, पण सगळ्यांच्या मधे. जेवणं झाल्यावर अण्णा, आई, धाकटी बहीण आणि मी खाली बसलो. आजी कॉटवर. अण्णांचे हातात येणारे २८,५००, आईच्या शिलाईचे ४,०००. एकूण ३२,५००. आता खर्च: किराणा, दूध, गॅस मिळून ८,५००. लाईट, मोबाईल, केबल १,८००. आजीची औषधं १,७००. धाकटीचा पास, पुस्तकं वगैरे २,५००. पेट्रोल १,५००. घर दुरुस्तीला काढलेल्या कर्जाचा हप्ता ४,२००. आणि मी, ८,०००. माझ्या एकट्याचा आकडा अख्ख्या घराच्या किराण्याच्या जवळपास! बेरीज २८,२००. शिल्लक ४,३००.

धाकटी म्हणाली, "उरतायत की! मग अंगठी का ठेवली?"

हाच खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर महिन्याच्या हिशेबात नव्हतंच. कारण घर महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतं. आम्ही दुसरी यादी केली, वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी जाऊनही माझी कॉलेजची आणि होस्टेलची मिळून ५५,०००. पॉलिसीचे दोन हप्ते २६,०००. दिवाळी १५,०००. लग्नकार्यातले आहेर, गावची जत्रा, येणं-जाणं १२,०००. घरपट्टी, गाडीचा विमा, टायर-बिअर ६,०००. झाले १,१४,०००. भागिले बारा, ९,५००. म्हणजे दरमहा ४,३०० उरत नव्हते, ५,२०० कमी पडत होते. वर्षानुवर्षं. ती भोकं कधी हातउसने घेऊन, कधी पीएफमधून काढून, कधी सोनं ठेवून बुजवली जात होती. आणि दर वेळी घरात सगळ्यांना वाटायचं की यंदा नेमकं काहीतरी अचानक आलं. दिवाळी अचानक येते होय?

मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच कळेल. पंचिंग प्रेसला सगळी ताकद क्षणभर लागते, उरलेला वेळ मशीन रिकामंच फिरतं. त्या एका क्षणासाठी कुणी दहापट मोठी मोटर बसवत नाही. फ्लायव्हील बसवतात. रिकाम्या वेळात ते ऊर्जा साठवतं आणि पंचच्या वेळी देतं. आमच्या घराला मोठ्या पगाराची मोटर मिळायची शक्यता नव्हती, पण फ्लायव्हीलही नव्हतं. वार्षिक खर्चाला बारानं भागून तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकणं, एवढंच ते फ्लायव्हील. ही रक्कम म्हणजे बचत नाही, बरं का. ते आधीच खर्च झालेले पैसे आहेत, फक्त तारीख पुढची आहे. बचत त्याच्यानंतर सुरू होते.

त्या रात्री आणखी एक गंमत झाली. आईची शिलाई चार हजार नव्हती, पाच होती. एक हजार दर महिन्याला भिशीत जात होते. दहा बायका, प्रत्येकीचे हजार, दर महिन्याला चिठ्ठी निघते, जिचं नाव येईल तिला दहा हजार. अण्णांना याचा पत्ता नव्हता. ते बघतच राहिले. आई म्हणाली, "सांगितलं असतं तर राहिले असते का?"

यावर मी खूप विचार केलाय, कारण हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं. आमच्या आजीनंही असंच केलं होतं. २०१६ च्या नोव्हेंबरात ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी सातवीत होतो. तिसऱ्या दिवशी आजीनं तांदळाच्या डब्यातून एक गाठोडं काढून अण्णांपुढे ठेवलं. १४,५०० रुपये. किती वर्षांचे, तिलाच आठवत नव्हतं. पैसे लपवले म्हणून टिकले, हे खरंच आहे. आजोबांच्या हाताला लागले असते तर गेलेच असते. बाईच्या नावावर खातं नाही, निर्णयात तिला विचारायचं नाही, मग तिनं डब्यात ठेवायचे नाहीत तर कुठे? तेव्हा लपवलेल्या पैशाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. फक्त त्या डब्याची किंमत काय पडली तेही बघा. तांदळात व्याज मिळत नाही. आणि नोटा बदलून आल्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून ते पैसे गावातल्या एका पतसंस्थेत दोन टक्के जास्त व्याजासाठी ठेवले गेले, ती पुढे अडचणीत आली आणि पैसे अजून अडकलेत. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. आजीला हे कोण सांगणार होतं? तिचे पैसे घरात कुणी मोजायलाच घेतले नव्हते.

आईची भिशी चालू आहे. अण्णांनी ती वहीत लिहिली, पुढे कंसात 'सौ.ची, हात लावू नये' असं.

आता होस्टेलविषयी. आपल्या वयात बचत किती करावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर: जवळजवळ काहीच नाही. घरून आलेले पैसे साठवून कोण श्रीमंत झालंय? आपण कमावत नाही, त्यामुळे शिल्लक पडली तर ती घरचीच शिल्लक. या वयात करायची गोष्ट एकच, कुठे गेले ते लिहिणं. पूर्वी सुटे पैसे खिशातून जायचे आणि पत्ता लागायचा नाही, हे कारण तरी होतं. आता टपरीवरचा मामासुद्धा क्यूआर कोड लावून बसलाय आणि डबडं मोठ्यानं ओरडतं, "दहा रुपये प्राप्त झाले." म्हणजे आपला हिशेब मोबाईलमध्ये आपोआप लिहिला जातोय, फक्त आपण उघडत नाही. मी एका महिन्याचा उघडला. चहा आणि त्याच्याबरोबरचं खाणं, १,१४० रुपये. रात्री अकरानंतर मागवलेलं, ९८०. ज्यांची आठवणच येईना असे किरकोळ, साडेपाचशेच्या वर. हे सगळं शून्यावर आणायचं नाहीये. मित्रांबरोबरचा चहा बंद करून माणूस कसा जगेल? मी त्यातून ८०० कमी केले आणि मला ते कुठे कमी झाले हे आता दाखवताही येणार नाही.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. जेवण कापू नका. आमच्या शेजारच्या रूममधला एक ज्युनिअर घरची परिस्थिती कळल्यावर रात्रीचा डाएट बंद करून बिस्किटांवर राहायला लागला. दोन महिन्यांनी सलाइन लागलं आणि वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे दवाखान्यात गेले. पोरांना आकडे सांगितले तर ती असं काहीतरी करून बसतील, ही आई-वडिलांची भीती खोटी नाही. म्हणून आकडा सांगताना कशाला हात लावायचा नाही तेही सांगावं. आमच्या वहीत आजीची औषधं आणि माझी मेस या दोन ओळींना अण्णांनी लाल शाईनं चौकट केलीय.

जरा स्टाफलाही सांगायचंय, सर आणि मॅडम लोकांनी राग मानू नये. सेमिस्टरमध्ये जर्नल, शीट्स, इंडस्ट्रियल व्हिजिट, परीक्षेचा फॉर्म, डिपार्टमेंटची वर्गणी, प्रोजेक्टचं प्रिंटिंग-बाइंडिंग हे खर्च ठरलेले असतात. तुम्हाला जुलैतच माहीत असतात. आम्हाला मात्र "परवापर्यंत सातशे जमा करा" असं कळतं. ज्याच्या घरी ऊस तुटल्यावर किंवा पगार झाल्यावर पैसे येतात, त्याला 'परवा' फार महाग पडतो. तो सातशे रुपये उसने आणतो. टर्मच्या पहिल्या आठवड्यात एक कागद लावा, अंदाजे कुठल्या महिन्यात किती. शंभर-दोनशे इकडेतिकडे झाले तर आम्ही काही बोलणार नाही. (आणि खरं सांगायचं तर 'प्रोजेक्टसाठी बारा हजार' ही माझ्यासारख्यांची थापही मग चालणार नाही.)

पुढच्या पायरीवरचा माणूस म्हणजे माझा मामेभाऊ. पुण्याला आयटीत आहे, २०२१ ला लागला. पहिलाच पगार ३२,०००. अण्णांना तीस वर्षांनी जेवढा मिळतो त्यापेक्षा जास्त. आमच्या घरात पेढे वाटले होते. वर्षभरात दादाकडे हप्त्यावर मोबाईल, हप्त्यावर बाईक आणि एक क्रेडिट कार्ड झालं. कार्डावर ४०,००० थकले तेव्हा तो दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' म्हणून २,००० भरायचा आणि आपण नियमित आहोत असं समजायचा. गणित आपण करू. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. दोन हजारातले फक्त ३४८ मुद्दलात गेले. या वेगानं ते कार्ड त्याच्या नातवाला वारसाहक्कानं मिळालं असतं. शेवटी मामानं एफडी मोडून फेडलं. मामाला कधी कळलं? फेडायची वेळ आली तेव्हा. पुन्हा तेच, सांगितलंच नव्हतं.

मला वाटतं पैशाच्या बाबतीत आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ म्हणजे नोकरीचं पहिलं वर्ष. पगार नवा असतो, सवयी जुन्या असतात. होस्टेलवर आठ-नऊ हजारात राहिलेला माणूस शहरात पंधरा-सतरा हजारात नक्की राहू शकतो. एकच वर्ष आणखी होस्टेलसारखं काढलं आणि महिना पंधरा हजार बाजूला पडले, तर वर्षाअखेर १,८०,००० होतात. सहा महिने नोकरी नसली तरी घरी हात पसरावा लागणार नाही एवढे. पुढे लग्न, घर, मूल आलं की ही संधी परत येत नाही.

शिवाय वेळ. महिना ३,००० रुपये बावीसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नपर्यंत टाकले आणि सरासरी ८ टक्के मिळाले असं धरलं, तर सुमारे ७५ लाख होतात. तेच बत्तिसाव्या वर्षी सुरू केलं तर ३१ लाख. मधल्या दहा वर्षांत भरायचे होते फक्त ३ लाख ६० हजार! महागाई वजा करा, ७५ लाखाला तेव्हा आजची किंमत नसेल हे कबूल. पण ३१ लाखालाही नसेल.

घरातल्या मोठ्या माणसांचा सल्ला ऐकताना त्यांचा काळही ध्यानात घ्यावा. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळत होतं. ७२ ला १२ नं भागा, सहा वर्षांत दाम दुप्पट. तेव्हा "पोस्टात टाक आणि विसरून जा" हा सल्ला सोन्यासारखा होता. २०२० च्या एप्रिलपासून तो दर ७.१ टक्क्यांवर आला. दुप्पट व्हायला दहा वर्षं. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, त्याचा दर वेगळा होता. अण्णांच्या पॉलिसींचंही तसंच. ओळखीच्या एजंटाचं मन राखायला घेतलेल्या. बचत म्हणावी तर परतावा कमी, विमा म्हणावा तर अण्णांना काही झालं तर येणारी रक्कम एका वर्षाच्या पगाराएवढीही नाही. दोन कामं एकाच यंत्राकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. आता मुदत संपत आलीय म्हणून चालू ठेवल्यात. मी नोकरीला लागल्यावर साधा टर्म इन्शुरन्स घेईन.

घराच्या कर्जाबद्दल मी काय बोलावं, अजून होस्टेलची खोलीही नावावर नाही. तरी दादाचं बघून एकच आकडा: ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सुमारे २६,०००. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात.

राहता राहिली माझी फी. त्या रात्री सगळ्यात मोठं भांडण यावरून झालं. अण्णांचा विचार होता शेवटच्या वर्षाची फीही पीएफमधून काढायची. पोराच्या डोक्यावर कर्ज नको. मी म्हटलं, तुम्ही त्रेपन्न वर्षांचे, मी एकवीसचा. मला फेडायला पस्तीस वर्षं आहेत, तुम्हाला साठवायला पाच. शिक्षणाला बँक कर्ज देते. म्हातारपणाला कुणी देत नाही. कर्जाचं गणितही मांडून दाखवलं. समजा एखाद्यानं चार वर्षं दरसाल एक लाख उचलले, व्याज सरळ १० टक्के. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून आपण खूश असतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या लाखाचं पाच वर्षांचं, दुसऱ्याचं चार, मग तीन, मग दोन. एकूण १,४०,०००. फेडायला सुरुवात करताना ४ लाखाचे ५ लाख ४० हजार झालेले असतात आणि सात वर्षांच्या मुदतीला हप्ता ८,९६५ च्या आसपास बसतो. तेच व्याज शिकतानाच भरत गेलं, पहिल्या वर्षी महिना ८३३ पासून, तर पुढचा हप्ता ६,६४० होतो. महिन्याला तेवीसशेचा फरक, सात वर्षं. हे बँकेत फॉर्म भरताना आमच्या विंगमधल्या एकालाही कळलं नव्हतं. मीच सगळ्यांना विचारलंय.

अण्णा दोन महिन्यांनी तयार झाले. सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागतेच, ती करताना त्यांचा हात थोडा थांबला होता. २०२५ ची फी, ५५,०००, माझ्या नावावरच्या कर्जातून गेली. त्याच वर्षी धाकटीला फार्मसीला प्रवेश मिळाला. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालीय, नाहीतर हे सगळं गणित पुन्हा कोलमडलं असतं.

तर नवा हिशेब. वार्षिक यादी १,१४,००० वरून ५९,००० वर आली. भागिले बारा, ४,९१७. महिन्याची शिल्लक ४,३०० अधिक माझे कमी केलेले ८००, म्हणजे ५,१००. फरक १८३ रुपये. आमच्या घराची खरीखुरी मासिक बचत, एकशे त्र्याऐंशी! धाकटीनं पानाच्या तळाशी तो आकडा लिहून त्याला फुलांची नक्षी काढलीय. पगार अजूनही कधीकधी लांबतो. पण फ्लायव्हीलच्या खात्यात तेव्हा काहीतरी असतं.

मार्चमध्ये आईची चिठ्ठी निघाली. दहा हजार तिनं स्वतःहून सोनेतारणात भरले आणि कानातली सोडवून आणली. अंगठी अजून तिथेच आहे.

आता दर महिन्याच्या वीस तारखेला संध्याकाळी फोन येतो. अभ्यास, तब्येत झाली की अण्णा विचारतात, "किती राहिले?" परवा मी म्हटलं, "अकराशे साठ. तुमच्याकडे?"

"एकवीसशे. दूधवाल्याचं द्यायचंय अजून. आणि ऐक, पंचवीसला तुझ्या मित्राचा वाढदिवस हाय नव्हं? त्याचे काढून ठेवलेस का?"

नव्हते ठेवले.